हिरवी ओळ

बंगळूरच्या त्या लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत नंजुंडस्वामी मॅनेजरांना लाल रंगाचं भारी वावडं. सोमवारच्या बैठकीत पडद्यावर एक लाल ओळ दिसली तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. आणि त्या ओळी यायच्या वसुधा हेब्बारच्या प्रोग्रॅममुळे.

तिने लिफ्टच्या प्रत्येक भागाच्या अवस्था ठरवल्या होत्या: बंद, तयार, चालू, थांबलेला. एखादा भाग 'बंद'वरून थेट 'चालू'वर उडी मारू लागला की तिची तपासणी त्याला अडवायची आणि लाल ओळ उमटायची.

"वसुधम्मा, ती तपासणी काढून टाक," नंजुंडस्वामी म्हणाले. "कुणालाही कुठूनही कुठेही जाऊ दे. आपण काय जकात नाका उघडलाय?"

"सर, 'तयार' न होताच, दार उघडं असताना लिफ्ट हलली तर?"

"तर तर करत बसलीस तर म्हातारी होशील. शुक्रवारपर्यंत काढ. तुझं कायम होण्याचं पत्र माझ्याच टेबलावर आहे."

सिरसीला घरी आईला वसुधाने 'कायम झाले' असं आधीच सांगून टाकलं होतं. लिफ्टला जी उडी मारू देत नव्हती, ती तिने स्वतः मारली होती. तरी तपासणी काढायला हात धजेना. तिने फक्त ओळीचा रंग हिरवा केला. सोमवारी नंजुंडस्वामींनी सगळ्यांना मद्दूर वडे खिलवले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, चाचणीची लिफ्ट बंद करून दाराला केळीचे खुंट बांधले, कुंकू लावलं. त्या दिवशी यंत्राला विश्रांती. पण नेमके कोईमतूरचे ग्राहक शण्मुगम आले, आणि नंजुंडस्वामींना कुठला धीर? लिफ्ट सुरू करायला लावून ते आत शिरले आणि त्यांनी थेट सहाव्या मजल्याचं बटण दाबलं. पूजेची लिफ्ट म्हणून शण्मुगम चपला काढत होते. एक पाय आत, एक बाहेर.

लिफ्ट जागची हलली नाही. हिरवी ओळ उमटली: 'दार उघडं आहे. चालणार नाही.'

शण्मुगमांनी आधी बाहेरच्या पायाकडे पाहिलं, मग ओळीकडे. "ही तपासणी कुणाची कल्पना?"

नंजुंडस्वामींनी कपाळ पुसलं. "माझीच. सक्त ताकीद होती माझी."

दसऱ्यानंतर वसुधाला पत्र मिळालं. कायम करण्याचं कारण लिहिलं होतं: 'वरिष्ठांच्या सूचनांचं तंतोतंत पालन.' तिला आधी हसू आलं, मग इतका संताप आला की कॉफी तशीच गार झाली. शेवटी तिने घरी फोन लावला.

"आई, कायम झाले."

"अगं, ते तर तू मागच्याच महिन्यात झालीस ना? आता पुढचं काहीतरी सांग."