एक नंबर कुणाचा

प्रूफवाल्या काकांना छापखान्यात कुणी घाबरत नसे, पण त्यांच्या पेन्सिलीला सगळे वचकून असत. चूक काढायची म्हटली की काका हॉटेलच्या मेनूकार्डालाही सोडत नसत. मग चुका शोधणारे कॉम्प्युटर आले आणि काकांचं काम हळूहळू आटत गेलं. मालकीणबाई तोंडावर बोलणाऱ्या. त्यांनी एकदा काकांना बोलावून घेतलं.

"काका, प्रुफांचं काम आता उरलं नाही. आपण शेजारच्या मोठ्या खोलीत जातोय. तिथली कॉम्प्युटरची जोडणी तुम्हाला जमली, पुढे सांभाळता आली, तर राहा. नाहीतर घरी आराम करा."

आराम या शब्दाची काकांना धास्तीच होती. आराम करणारी माणसं त्यांनी पाहिली होती. दुपारी दोनदा घड्याळ पुसणारी.

घरातली सूनच एका संस्थेत नेटवर्किंग, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं काम, शिकवत असे. सुनेपुढे विद्यार्थी म्हणून बसायचं म्हणजे काकांना जिवावर आलं. दोन दिवस त्यांनी नुसताच घसा खाकरला. शेवटी म्हणाले, "अगं, मला शिकवशील का तुझं ते?" ती हसली नाही. तिने जेवणाच्या टेबलावर दोन जुने कॉम्प्युटर, सगळ्या तारा एकत्र जोडणारी स्विच नावाची डबी आणि तारांचं भेंडोळं आणून मांडलं.

"आता ताटं कुठे ठेवायची?" काकूंनी विचारलं.

"मांडीवर," काका म्हणाले.

काका लिहून घ्यायला बसले तर सुनेने पेनच काढून घेतलं. "बाबा, आधी हात घाला. लिहायचं नंतर." आठ रंगीत तारा ओळीने लावून टोकावर कॉम्प्युटरात खोचायची प्लास्टिकची खुंटी दाबायची, हे पहिलं काम. रंगांचा क्रम काकांच्या डोळ्यांत लगेच बसला, बोटं मात्र ऐकेनात. टोपलीभर खुंट्या वाया गेल्या. मग सुनेने समजावलं, की प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता असतो आणि त्यातला शेवटचा आकडा ज्याचा त्याचा. एकाने दुसऱ्याला हाक मारायची. समोरून ओ आली, की वाट नीट आहे. राउटर म्हणजे बाहेरचं दार. बाहेर काही पाठवायचं तर सगळे आधी दाराकडे जातात. एवढं सांगून ती काहीतरी बिघडवून ठेवायची आणि कणीक मळायला निघून जायची.

"निदान कुठे बिघडवलंयस ते तरी सांग!"

"अंदाज करू नका. हाक मारून बघा," आतून आवाज यायचा.

पहिल्यांदा ओ आली तेव्हा काकांनी काकूंना हात धरून आणलं. पडद्यावर चार रुक्ष ओळी होत्या. "हेच का ते?" काकू म्हणाल्या. पण काकांना तेव्हा फार आनंद झाला होता, आणि तो झाकायची त्यांना गरज वाटली नाही.

नव्या खोलीतली जोडणी काकांनी एकट्याने केली. तारा ओढल्या, खुंट्या दाबल्या, एकही वाया गेली नाही. पत्ते पाहिले आणि त्यांच्यातला प्रूफवाला जागा झाला. कुणाचा आकडा सतरा, त्याच्या शेजारचा चार, पलीकडे एकदम साठ. असा गबाळेपणा त्यांना कसा बघवणार? त्यांनी टेबलांच्या ओळीने आकडे लावून टाकले. दोन, तीन, चार. आणि मालकीणबाईंना एक. दुसरं कुणाला द्यायचा एक नंबर? मोठ्या माणसाचा मान राखायला नको का? पडद्यावर पत्त्याखालच्या बाकी रकान्यांना त्यांनी हात लावला नाही, कारण जे आपल्याला तपासायला दिलं नाही ते वाचायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त. सगळ्यात शेवटी राउटर चालू केला. हाका मारल्या. सगळ्यांनी ओ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोंब सुरू झाली. खोलीतल्या खोलीत सगळं सुरळीत, पण बाहेर काही जाईना. जायचंच तर मध्येच जायचं, पुन्हा अडायचं. गिऱ्हाईकाला पुस्तकाचं मुखपृष्ठ दुपारपर्यंत पाठवायचं होतं. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

काकांनी कोपऱ्यात जाऊन सुनेला फोन लावला. "एक मिनिट हं," असं वर्गाला म्हणून ती कुजबुजली, "बाबा, काय झालं? येऊ का?"

काकांच्या तोंडापर्यंत 'ये' आलं होतं. पण ती आली की दुरुस्त तीच करणार, आणि मग आपण इथे कशासाठी, असं त्यांना वाटलं.

"काही नाही गं, सहज," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ते एका कॉम्प्युटरपुढे बसले. न वाचलेले रकाने आता वाचले. दाराचा पत्ता तिथे लिहिलेला होता. त्याला हाक मारली. ओ आली. म्हणजे दार जागेवर आहे. मग त्यांनी उठून राउटरची तारच उपसली आणि पुन्हा हाक मारली.

ओ आली.

काका पडद्याकडे बघत राहिले. दार काढून ठेवलंय आणि दार ओ देतंय! मग ही ओ देतंय कोण? ते एकेक टेबलाची तार काढत गेले, हाक मारत गेले. ओ येतच राहिली. मालकीणबाईंच्या टेबलाची तार काढली आणि ती बंद झाली.

दाराच्या पत्त्यातला शेवटचा आकडा एक होता. आणि त्यांनी तोच मालकीणबाईंना बहाल केला होता. बाहेर निघालेली निम्मी कामं बाईंच्या कॉम्प्युटरपाशी येऊन मरत होती.

"लाइनच खराब दिसतेय," मालकीणबाई मागून म्हणाल्या. "त्या कंपनीवाल्यांना झापते आता."

काकांना नुसती मान हलवायची होती. आकडा गुपचूप बदलला असता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांभोवती गोल काढलेला माणूस तो. स्वतःची चूक सोडून द्यायला त्याचा हात वळेना.

"लाइन चांगली आहे," ते म्हणाले. "चूक माझी आहे. मी तुम्हाला एक नंबर दिला. मान म्हणून. तो राउटरचा होता."

मालकीणबाईंनी आपल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काल माझ्या पडद्यावर नंबरावरून काहीतरी सूचना आली होती. मी पुरती न वाचताच बंद केली." पुढे विचारलं, "तुम्हाला सांगितलं कुणी हे?"

"कुणी नाही. शोधलं मीच."

"मग मला कितवा देताय?"

"चाळीस चालेल?"

"चालेल." काकांनी आकडा बदलला, तारा परत लावल्या. मुखपृष्ठ गेलं. मालकीणबाई खोलीभर नजर फिरवत टेबलं मोजत होत्या.

"काका, तुमचं टेबल कुठाय?"

काकांनी मागे वळून पाहिलं. प्रत्येकाच्या टेबलापर्यंत तार नीट भिंतीकडेने गेली होती. स्वतःसाठी त्यांनी तार ओढलीच नव्हती. हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मनातून ते केव्हाच घरी जाऊन बसले होते.

"नाही ठेवलं," ते म्हणाले.

"मग ओढा की तार. खिडकीपाशी जागा आहे," मालकीणबाई म्हणाल्या आणि फोन घ्यायला निघून गेल्या.