तिसऱ्या खोलीतली पेटी

शीतगृहाच्या यंत्रचालकाला आजवर कोणी गाफील म्हटले नव्हते. चारही खोल्यांचे तापमान तो शून्याच्या जेमतेम वर राखी. अर्ध्या अंशाचा फरक पडला तरी त्याला अन्न गोड लागत नसे. दार गरजेपेक्षा क्षणभर अधिक उघडे राहिले, की तो हमालांवर खेकसे. हमाल म्हणत, "ह्यांच्या घरी भांडणसुद्धा दार लावूनच गार करत असतील." तोही हसे. पण घरी भांडायला कोणी नव्हते. त्याची पत्नी परिचारिका होती, नोकरी दूरच्या शहरात, आणि रजा वर्षाकाठी दोनदा.

या खेपेस ती हंगाम सरता सरता आली. परसातल्या झाडाच्या नासपती तिच्याच हाताने उतरवायच्या, म्हणून त्याने त्या पंधरा दिवस झाडावरच थांबवून ठेवल्या होत्या. चार दिवसांच्या रजेत दोघांनी मिळून एक पेटी भरली. निघताना तिने विचारले, "पुढच्या रजेपर्यंत टिकतील का हो?"

"टिकवणं हेच तर माझं काम."

ती गाडीत बसली, आणि त्याच दुपारी त्याने ती पेटी तिसऱ्या खोलीत, बागायतदारांच्या नासपतींमागे, पार आतल्या कोपऱ्यात सरकवली. पाच महिन्यांचा तर प्रश्न होता.

सातव्या आठवड्यात तपासनीस बाई त्याच्यापाशी आल्या. फळात सुई दाबून त्या त्याचा कठीणपणा मोजत, म्हणून सगळे त्यांना सुईबाईच म्हणत.

"बाकी तिन्ही खोल्यांतली फळं दगडासारखी आहेत. तिसरीतली मात्र नरमतायत. तुमचा पारा झोपा काढतो का?"

"पारा माझ्याआधी उठतो, बाई."

"मग आत कोणीतरी पिकलेलं लपून बसलंय."

त्याला कोपऱ्यातली आपली पेटी आठवली. पिकू लागलेले फळ थंडीतही हळूहळू वायू सोडत राहते आणि शेजारच्या कच्च्या फळांना पिकायची घाई लावते, हे तो स्वतःच नव्या माणसांना शिकवत आला होता. एका पेटीने काय होतंय, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. तेच दुसऱ्या कोणी म्हटले असते, तर त्याने त्याला फाडून खाल्ले असते.

पंख्यावर खापर फोडून आठवडाभर वेळ काढता आला असता. पण खोलीभर फळे लोकांची होती. तो आत गेला, पेटी बाहेर आणली आणि म्हणाला, "माझी आहे."

सुईबाईंनी एक फळ उचलले. सुई लोण्यात शिरावी तशी शिरली. त्या रागावल्या नाहीत; रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"तीन-चार दिवस, फार तर."

"वेगळ्या कुठल्या थंड जागी ठेवली तर?"

"हे तुम्ही मला विचारताय?"

खोलीतली हवा बदलून घेतल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, त्याने पत्नीला फोन लावला.

"नाही टिकल्या गं."

"ठाऊक होतं मला. झाडावरच पिवळ्या पडायला लागल्या होत्या त्या."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? वर मलाच विचारलंस, टिकतील का म्हणून!"

"तुम्ही हो म्हणावं म्हणून विचारलं. चारच दिवस होते माझ्याकडे, त्यात नाही कशाला ऐकू?" तिच्या मागे कोणीतरी तिला हाक मारत होते. "आलेच! अहो, ठेवू नका आता. सगळ्यांना वाटा आणि तुम्हीही खा."

त्याने वाटल्या. हमालांनी मनगटापर्यंत ओघळणारा रस चाटत वहिनींच्या झाडाची तोंडभरून तारीफ केली. एक फळ उरले. ते घेऊन तो बाहेर पायरीवर उन्हात बसला. इतकी गोड नासपती त्या झाडाने आजवर दिली नव्हती, आणि हे जिला सांगायचे ती आता कामात होती. त्याने ते फार सावकाश खाल्ले. तरी ते संपले.