नापास झालेला नमुना आणि मी

मित्रांनो, मी आयुष्यभर कापड फाडलं. हसू नका! कापड उंदीरही फाडतो, पण त्याची कुणी दसऱ्याला पूजा करत नाही. माझी व्हायची. हळदकुंकू लागायचं, झेंडूचा हार पडायचा, पेढ्याचा तुकडाही माझ्या पायाशी ठेवला जायचा. कारण मी फाडायचो ते नियमानं. मी कापडाची ताकद मोजणारं जुनं यंत्र आहे. भिवंडीतल्या लूमवाल्यांनी माझं नाव ठेवलं होतं फाड्या. आधी फार राग यायचा. मग म्हटलं, जाऊ दे, नाव तर ठेवलं.

एका कारखान्यात मी घडलो. उभा लोखंडी खांब, वर एक जबडा, खाली एक जबडा आणि डोक्यावर मोठी गोल तबकडी. तबकडीवर दोन काटे, एक काळा नि एक तांबडा. कापडाची पट्टी दोन्ही जबड्यांत घट्ट धरायची आणि मोटर सुरू करायची. खालचा जबडा पट्टीला हळूहळू ओढू लागतो, पट्टी ताणते, दोन्ही काटे वर चढतात. पट्टी फाटली की काळा काटा धपकन खाली येतो. तांबडा मात्र जिथं पोचला तिथंच थांबतो. पट्टीनं किती जोर सोसला हे त्यानं दाखवायचं. मग कुणी रडो, कुणी भांडो, माझा तांबडा काटा हलायचा नाही.

कारखान्यातून टेम्पोत बसून मी भिवंडीला आलो, ते रंजिताबाईंच्या कापड तपासायच्या खोलीत. रंजिताबाई कापडाचं शिक्षण घेतलेल्या, बोलायला मऊ आणि कामाला कडक. त्या मला रोज पुसायच्या, तेल द्यायच्या, माझ्या जबड्यात अडकलेला एकेक धागा चिमटीनं काढायच्या. आमच्याकडे मोठमोठे शेठ यायचे आणि माझ्यासमोर गप्प उभे राहायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा माज चढला होता.

आणि मग तो नमुना आला. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. वीज सारखी जायची, लूम ठप्प व्हायचे, मालक कपाळाला हात लावून बसायचे. भिवंडीजवळच्या अंजूर गावच्या दाजींचे लूमही असेच रखडत चालले होते. आजूबाजूच्या शेतांत गोदामं उठली होती आणि दाजींची शेड पाडून तिथंही गोदाम करा म्हणून लोक मागे लागले होते. अशात दाजींना मुंबईच्या एका कंपनीचं मोठं काम मिळालं. इस्पितळाच्या चादरींचं कापड विणायचं. हे काम टिकलं तर लूम टिकणार होते, नाहीतर भंगारवाला दारात उभाच होता.

मित्रांनो, अशा कामाचा करारनामा असतो. त्यात एक पान असं असतं, जे सह्या करताना सगळे घाईघाईनं उलटतात. माल तपासणीत नापास झाला तर काय, ते त्या पानावर लिहिलेलं असतं. लग्नाच्या बैठकीत कुणी काडीमोडाचं बोलतं का? तसंच हे. दाजींच्या करारनाम्यात लिहिलं होतं की नमुना नापास झाला तर सगळा माल परत आणि करार संपला. मालकानं मागितली तर एकदाच फेरतपासणी मिळेल, तीही कंपनीकडच्या सीलबंद नमुन्यावर. पण मालकानं नमुन्याला काही केलं असेल, तर फेरतपासणीसुद्धा नाही.

त्या दिवशी दाजी आणि त्यांची बायको आक्का जिना चढून आले. आक्कांच्या कडेवर चादरीत बांधलेली गठडी होती. मागून तुळशीराम आले, कंपनीचा नमुने घेणारा माणूस. आतल्या गावचा, शेतकऱ्याच्या घरचा, नोकरीला जपून असलेला. रंजिताबाईंनी गठडी सोडली. आतलं कापड कसं कडक इस्त्रीचं होतं! आक्का कौतुकानं बघत होत्या.

बाईंनी ते रीतीप्रमाणे खोलीतल्या हवेत पसरून ठेवलं आणि सगळ्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्ट्या कापल्या आणि पहिली माझ्या जबड्यात दिली. मोटर घुमली. काटे चढू लागले. कितीवर पास, ते बाईंनी तबकडीवर खडूनं रेघ मारून दाखवलं होतं. मी ओढत होतो, दाजी श्वास धरून बघत होते. आणि रेघ बरीच लांब असतानाच पट्टी फाटली.

"दुसरी लावा," दाजी म्हणाले.

दुसरीही फाटली. तिसरीही. प्रत्येक वेळी तांबडा काटा रेघेच्या खाली. आक्कांनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. शेवटची पट्टीही तशीच गेली.  

तुळशीरामनी पिशवीतून करारनामा काढला. "दाजी, सूत हलकं वापरलंत का हो? इस्पितळाची चादर आहे. माणूस उचलताना फाटली तर काय?"

"हलकं?" दाजी ताडकन उठले. "माज्या शेडमंदी हलकं सूत येत न्हाय! बाई, तुमचं मशीनच चावतंय कापडाला! कसं फाटलंय बगा. समद्या पट्ट्या एकाच जाग्यावर!"

चावतंय म्हणे! मी! मित्रांनो, अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पण एक गोष्ट खरी होती. बाईंनी फाटलेल्या पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. सगळ्या एकाच ओळीत फाटल्या होत्या. माझ्या जबड्यापाशी नव्हे, मधेच. बाई चक्रावल्या. जिची ताकद आधीच ठाऊक होती अशी दुसऱ्या कापडाची पट्टी त्यांनी कपाटातून काढून मला लावली. ती व्यवस्थित रेघ ओलांडून गेली.

"मशीन चावत नाहीये, दाजी," त्या म्हणाल्या. "पण ही एक ओळ अशी का फाटली, ते मलाही कळत नाही."

"कलत न्हाय ना? मंग लिवा, मशीन खराब! मी वर तक्रार करतो. ही खोली बंद पडू दे, पण माज्या लूमला खोटं ठरवू नका!" दाजींचा आवाज खाली रस्त्यावर जात होता. तुळशीराम कागद पुढे ओढून म्हणाले, "तक्रार करा. पण तक्रार लिहिली की बाईंच्या सगळ्या तपासण्या थांबतील, चौकशी होईल. विचार करा."

रंजिताबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांचा सगळा संसार त्या खोलीवर होता. दाजींनी पेन उचललं.

"ठेवा ते पेन!"

आक्का बोलल्या होत्या. तोंडातला पदर सोडून त्या पुढे आल्या. "मशीनला नि बाईला बोल लावू नका. मी केलंय ते."

"काय केलंस तू?"

"लाईट गेलेली ना, लूम बंद होता. कापड लूमच्या लोखंडी दांडीवर तसंच ताणून रायलं. दांडीचा गंज लागला, आडवी तांबडी रेघ उठली. ती रेघ नेमकी याच तुकड्यात आली. डाग घेऊन कसं जायाचं परक्याच्या दारात? मी लिंबू नि मीठ लावलं, उनात घातलं. डाग गेला. मंग कोलशाची कडक इस्त्री फिरवली."

"आणि पाण्यात धुतलं नाहीत?" बाईंनी विचारलं.

"धुतलं तं कांजी निगून जाईल ना! कापड लुळं पडतं. कोरं वाटत न्हाय."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग हळू आवाजात समजावलं. लिंबाचा आंबट रस कापडात तसाच राहिला आणि वरून इस्त्रीचा चटका बसला, त्यानं सूत जळल्यासारखं कच्चं झालं असणार. जिथं गंजाची रेघ होती तिथं. म्हणून सगळ्या पट्ट्या एका ओळीत फाटल्या. वर्षानुवर्षं कापडात वावरलेल्या आक्का, कांजी उतरू नये म्हणून जपायला गेल्या आणि घात झाला.

दाजी मटकन खाली बसले. आता त्यांना कळलं होतं. नुसतं नापास असतं तर फेरतपासणी मागता आली असती. आक्कांनी खरं सांगितलं आणि तो रस्ताही बंद झाला. नमुन्याला मालकाच्या माणसानं हात लावला होता.

"अगो, गप ऱ्हायली असतीस तं..." दाजी म्हणाले.

"गप ऱ्हाऊन या पोरीच्या पोटावर पाय दिला असता," आक्का म्हणाल्या. त्या रडत होत्या, पण मागे हटल्या नाहीत.

तुळशीरामनी करारनाम्यावर बोट ठेवलं. "कलम स्पष्ट आहे, दाजी. माझा इलाज नाही."

तेव्हा रंजिताबाई म्हणाल्या, "तुळशीरामभाऊ, त्याच पानावर वरचं कलमही वाचा ना. नमुना कापल्यावर कुणाच्या ताब्यात ठेवायचा?"

तुळशीराम वाचेनात. त्यांना ते पाठ होतं. नमुना कंपनीच्या माणसानं कापायचा, जागेवर सील लावायचं आणि स्वतः घेऊन यायचं. आता झालं होतं काय, ते ऐका. अंजूरला एक तपासणीचा आणि एक कंपनीकडे राखून ठेवायचा, असे दोन तुकडे कापून झाले आणि तुळशीराम निघणार तोवर आक्कांनी पान मांडलं. खाडीची ताजी कोळंबी, तांदळाची भाकरी. पोटभर जेवून उठले तर दाजींनी तपासणीची गठडी हातात घेऊच दिली नाही. पाहुण्यानं ओझं उचलून दारातून जायचं? त्या घरात असं कधी झालं नव्हतं. आमी पोचवतो की, म्हणाले. तुळशीरामनी संकोचानं मान डोलावली, राखीव तुकड्याला तेवढं सील लावलं आणि तो पिशवीत टाकून निघाले. कुणाच्याच मनात पाप नव्हतं हो! पण कलमाला मन दिसत नाही.

 तुळशीराम गप्प बसले असते तर त्यांचं काहीच बिघडत नव्हतं. माल परत, करार संपला, दाजींची चूक, विषय मिटला. खरं लिहिलं तर चूक त्यांच्यावर येणार होती. त्यांनी रुमालानं मान पुसली. खिडकीशी गेले. परत आले. दाजींकडे पाहिलं नाही, आक्कांकडेही नाही.

मग बसून त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. "नमुना माझ्या ताब्यात राहिला नाही. मी त्याला जागेवर सील लावलं नाही. म्हणून ही तपासणी धरता येत नाही. सीलबंद नमुन्यावर नव्यानं तपासणी करावी, ती पहिलीच समजावी." खाली सही केली. 

कंपनीतून सीलबंद तुकडा आला. सील सगळ्यांसमोर फोडलं. तोही रीतीप्रमाणे खोलीतल्या हवेत ठेवला गेला आणि मग पट्ट्या कापल्या. पहिली पट्टी लावली, मोटर सुरू झाली, काटा निम्म्यावर आला आणि लाईट गेली! पट्टी तशीच ताणलेली. बाईंनी ती काढून बाद केली. आता पट्ट्या मोजक्याच उरल्या होत्या. पंखा बंद, अंगातून घामाच्या धारा, आणि चौघं माझ्यासमोर बसलेली. दाजी मधूनच म्हणायचे, "सूत चांगलंच होतं." कुणी विचारलं नव्हतं. आपणच म्हणायचे.

लाईट आली. बाईंनी पट्टी लावली. मी ओढू लागलो. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, जरा हलकं ओढावं. कुणाला कळणार होतं? पण मला तसं ओढताच येत नाही. काटे चढले. रेघेपाशी आले. दाजींनी मान फिरवली. आक्कांनी मात्र डोळे उघडे ठेवले होते, आणि त्यांनाच आधी दिसलं. तांबडा काटा रेघ ओलांडून पुढे गेला होता.

एकामागून एक सगळ्या पट्ट्या पास झाल्या. दाजी उठले, रंजिताबाईंसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी तुमास्नी नको नको ते बोललो. माफी करा." बाईंनाच अवघडल्यासारखं झालं. आक्का हुंदके देऊन रडल्या. चादरी गेल्या, करार टिकला, दाजींचे लूम पुढे बरीच वर्षं खडखडत राहिले.

आणि तुळशीराम? त्यांच्या कंपनीनं तो कागद वाचला आणि त्यांना नमुन्यांच्या कामावरून काढलं. पूर्णा गावच्या एका गोदामात ते माल मोजायला लागले. उभ्यानं ड्युटी, पगार कमी. पुढे एकदा ते सहज म्हणून खोलीवर आले होते. रंजिताबाईंनी चहा दिला आणि भीत भीत विचारलं, "भाऊ, लिहिलंत त्याचा पस्तावा होतो का?"

"होतो ना," ते म्हणाले. "घरी बोलणी खाल्ली, पोराची शाळा बदलली. रोज होतो." बशीतला चहा त्यांनी संपवला. "पण परत वेळ आली तर तसंच लिहीन, बाई. त्या बाईनं आपलं घर पणाला लावून खरं सांगितलं. मी काय बसून बघायचं?"

आता मी कोपऱ्यात आहे. बाईंकडे कॉम्प्युटरवालं नवं यंत्र आलं. माझ्यावर प्लास्टिक टाकलंय, जबडे गंजलेत, तांबडा काटा अडकून बसलाय. असल्या गोष्टी सांगताना यंत्रं शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, तेल द्या, फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. माझं झालंय सगळं. माझं मागणं वेगळं आहे, मित्रांनो. तुमच्या वर्गात, घरात, उद्या तुमच्या कामावर, कुणीतरी उठून म्हणेल की चूक माझी आहे. त्याच्यामुळे तुमचं काहीतरी वाचेल आणि त्याचं मात्र जाईल. तुळशीराम जिना उतरून गेले तेव्हा त्यांच्या सोबत कुणी नव्हतं. तुम्ही तसं होऊ देऊ नका. अशा माणसाला जपा.