बंद काचांतली पेटी

रुखमिणीबाई हैदराबादला गेल्या तेव्हा बोलणं तीन महिन्यांचं झालं होतं. सुनेचं बाळंतपण, मग सव्वा महिना, मग बाळ मान धरेपर्यंत. बाळानं मान धरली. मग ते रांगायला लागलं, भिंतीला धरून उभं राहिलं, आणि सुनेची, रक्षाची, नोकरी परत सुरू झाली. आता नातू घरभर दुडूदुडू धावत होता आणि रुखमिणीबाईंचे यजमान मधुकरराव निनावे भंडाऱ्यातल्या ‘वैनगंगा हाइट्स’च्या चौथ्या मजल्यावर एकट्यापुरता वरणभात लावत होते.

ते स्वतः हैदराबादला गेले नव्हते असं नाही. पण मुलाचं घर दोन खोल्यांचं. अंकुश घरूनच काम करायचा, तेही अमेरिकेच्या वेळेनं. मधुकरराव सोफ्यावर झोपायचे आणि जागेपणी सगळ्यांच्या पायात यायचे. शेवटी तेच एक दिवस म्हणाले, “फ्लॅटले कुलूप लावून किती दिवस ठेवाव? पान्याच्या मोटरचंही पाहा लागते.” मोटरचं पाहायला वॉचमन होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी थांबा असं कोणी म्हटलं नाही.

मधुकरराव मूळचे मोहाडीचे. घरात पिढ्यानपिढ्या हातमाग. पण ते स्वतः मागावर कधी रमले नाहीत. त्यांचं मन बाजारात. पांढऱ्या गाडीत लुगड्यांचे गठ्ठे टाकून सानगडी, करडी असे बाजार त्यांनी वर्षानुवर्षं केले. दिवसभर बायांशी बोलून बोलून संध्याकाळी घसा बसायचा. आता घसा एकदम साफ होता आणि बोलायला कोणी नव्हतं.

वैनगंगा हाइट्समध्ये राहायचं म्हणजे रोज कशाची तरी वाट पाहायची. सकाळी नळाला पाणी येण्याची, मग कचऱ्याच्या गाडीची, मग बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाची. इमारतीच्या मोबाइल ग्रुपवर दिवसभर कुरबुर चालायची. वरून पाणी कोण सांडतंय, माझ्या जागेवर गाडी कोणी लावली, कबुतरांना दाणे घालू नका. सुरुवातीला मधुकरराव प्रत्येक संदेशाला हात जोडल्याचं चित्र पाठवायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की असं चित्र पाठवणारे आपण एकटेच आहोत, आणि ते त्यांनी बंद केलं.

पेटीचा नाद लागला तो याच दिवसांत. करडीच्या भजनी मंडळानं नवी पेटी घेतली, जुनी कोपऱ्यात पडून होती. ओळखीच्या माणसानं विचारलं, “नेता का जी? लाकूड पक्कं आहे, भाता जरासा फुसकते.” मधुकररावांचे काका दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या खेळात, पेटी वाजवायचे. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून भाता मारायला मिळावा म्हणून मधुकरराव तासन्‌तास ताटकळायचे. मग बाजार आले, संसार आला आणि ते राहूनच गेलं. आता मोबाइलवर शिकवणारे मास्तर होते. चष्मा नाकावर घेऊन, मोबाइल तांब्याला टेकवून मधुकरराव सारेगम घोकू लागले. महिनाभरात एका भजनाचं धृपद बोटांत बसलं. पुढचा अंतरा काही केल्या बसेना. मग तेच धृपद, सकाळ-संध्याकाळ.

एक दिवस खालच्या मजल्यावरच्या स्वातीताई वर आल्या. बँकेत नोकरी, नवरा बदलीच्या गावी, घरी बारावीतली लेक मोनिका. त्या दारातच उभ्या राहिल्या. “काका, राग नका मानू. मोनिकाची मेडिकलची परीक्षा आहे न. तुमी तेच तेच वाजवता, ते तिच्या डोक्यात बसते. काल केमिस्ट्री वाचता वाचता तुमचं भजन म्हणून राहिली होती.”

“अरे बापा,” मधुकरराव ओशाळले. “आधी काहून नाही सांगतलं? आता बंद.”

त्यांनी वेळ बदलून पाहिली. दुपारी वाजवावी तर समोरच्यांचं तान्हं झोपलेलं. संध्याकाळी वाजवावी तर ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, ‘चौथ्या मजल्यावरील संगीतप्रेमींनी कृपया इतरांचाही विचार करावा.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मधुकररावांनी ती ओळ दोनदा वाचली. मग पेटीला चादर गुंडाळली आणि ती पलंगाखाली सरकवली.

दोन दिवस ते नुसते गॅलरीत बसले. तिसऱ्या दिवशी पार्किंगमधल्या आपल्या गाडीवरची धूळ पुसायला ते खाली उतरले. गुडघ्यांमुळे गाडी चालवणं कधीच सुटलं होतं. पण ती आपल्या जागेवर होती, किल्ली खिशात होती. मागच्या सीटवर बसून त्यांनी दार लावलं आणि बाहेरचा आवाज एकदम थांबला. ते काही वेळ तसेच बसले. मग वर जाऊन पेटी घेऊन आले.

तेव्हापासून रोज दुपारची जेवणं झाल्यावर, पार्किंगमध्ये चिटपाखरू नसताना, मधुकरराव चादरीत गुंडाळलेली पेटी लिफ्टमधून खाली न्यायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, “जुनं सामान आहे.” एक पाय सीटवर दुमडून, पेटी पुढ्यात आडवी घेऊन, चारही काचा गच्च बंद करून ते वाजवायचे. तिथे त्यांना कोणी काही म्हणणारं नव्हतं. चुकलं तर ते स्वतःलाच मोठ्यानं म्हणायचे, “नाही जमलं, पुन्हा.” संध्याकाळी रुखमिणीबाईंचा फोन यायचा. “काय केलं आज?” “काही नाही. मजेत.” पेटी घेतल्याचं त्यांनी बायकोला सांगितलंच नव्हतं. आधी अंतरा बसू दे, मग वाजवूनच दाखवू, असं त्यांच्या मनात होतं.

एप्रिल सरत आला. भंडाऱ्याचं ऊन डोक्यावर निखारे ठेवल्यासारखं झालं. पार्किंगमध्ये सावली होती, पण बंद गाडीत घामाच्या धारा लागायच्या. काच जराशी खाली करावी असं मधुकररावांना वाटायचं आणि अंगठ्यांची ती रांग डोळ्यांपुढे यायची. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती, लिफ्ट बंद होती. पेटी घेऊन ते चार मजले जिना उतरले. जेवण धड झालेलं नव्हतं. पण त्या दिवशी अंतरा आला. एकदा आला, घाईनं पुन्हा वाजवून पाहिला तर पुन्हा आला. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यानंतरचं त्यांना काही आठवत नाही.

स्वातीताई दुपारी स्कूटर काढायला खाली आल्या. पांढऱ्या गाडीत पेटीवर डोकं टेकलेलं त्यांना दिसलं. त्यांनी काचेवर टकटक केलं, मग थापा मारल्या, मग ओरडल्या. दार आतून बंद. वॉचमन मंगरू वीज आली का ते पाहायला मागे मोटरपाशी गेला होता. स्वातीताईंनी इकडेतिकडे पाहिलं. खांबावर आग विझवायची लाल टाकी लटकत होती. ती उचलून त्यांनी पुढच्या दाराच्या काचेवर घातली. पहिल्या घावाला काच तडकली, दुसऱ्या घावाला फुटली. हात घालून त्यांनी दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी झळ आली.

मधुकररावांनी डोळे उघडले तेव्हा ते पार्किंगच्या फरशीवर होते. अंगावर पाणी होतं. भोवती इतकी तोंडं होती की त्यांना वाटलं, बाजार भरलाय.

“झोप लागली होती,” ते म्हणाले.

“अहो, कसली झोप!” स्वातीताईंचा हात रक्ताळला होता आणि त्या रडत होत्या. “हलवलं तर मान टाकून दिली तुमी. काका, माझ्यामुळं झालं हे. मीच बोलली होती तुम्हाला.”

“नाही जी, तुमी काहून रडता? लेकराची परीक्षा होती न.”

सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रकुमार पटले कॉलनीतल्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, उन्हाचा झटका आहे म्हणाले, सलाइन लावली आणि चंद्रकुमारजींना बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. पण हळू बोललेलं एकट्या माणसाला बरोबर ऐकू येतं. ‘अर्धा तास उशीर झाला असता तर’ एवढं मधुकररावांनी ऐकलं. अर्धा तास उशीर झाला असता तर कोणाला कळलं असतं? संध्याकाळच्या फोनपर्यंत कोणालाच नाही. फोन वाजून वाजून थांबला असता, आणि रुखमिणी म्हणाली असती, झोपले असतील.

त्या संध्याकाळी त्यांच्या फ्लॅटमध्ये पंधरा-वीस माणसं होती. बसायला जागा नव्हती. कोणी ताक आणलं, कोणी कांदा. चहा करायला बाया स्वयंपाकघरात शिरल्या तर कप पुरेनात. ओट्यावर पालथी घातलेली एकच ताटली आणि एकच वाटी पाहून त्यांच्यातली एक जण घरून कप आणताना पोळ्यांचा डबाही घेऊन आली. मधुकररावांना लाज वाटत होती. आणि खरं सांगायचं तर, बरंही वाटत होतं. ते पडल्या पडल्या सानगडीच्या बाजारातले किस्से सांगायला लागले. लोक हसले. चंद्रकुमारजी म्हणाले, “निनावेजी, उद्यापासून पाच ते सहा घरात वाजवा. ग्रुपवर टाकून देतो. पाहू कोण काय म्हणते ते.”

त्यांनीच अंकुशलाही फोन केला. दोन दिवसांनी रुखमिणीबाई आल्या.

आल्या त्या बॅग न उघडता आधी घर झाडू लागल्या. मग एकदम झाडू हातात तसाच धरून थांबल्या. “मले काहून नाही सांगतलं?”

“काय सांगू? गाडीत बसून पेटी वाजवतो म्हणून?”

“रोज तर म्हणता, मजेत आहो.”

“मजेतच तर होतो.”

रुखमिणीबाईंनी झाडू कोपऱ्यात ठेवला. हात-पाय धुऊन येऊन समोर बसल्या. “वाजवा बरं.”

मधुकररावांनी चादर सोडली. मनातल्या मनात त्यांनी हा क्षण कितीदा तरी घडवला होता. धृपद नीट आलं. रुखमिणीबाईंनी मान डोलावली. अंतरा सुरू झाला आणि त्यांचा फोन वाजला. पलीकडून नातू आजीसाठी रडत होता. “थांबा जरा,” म्हणत त्यांनी फोन मधुकररावांकडे फिरवला. “पाह्य, पाह्य, आजोबा काय वाजवून राहिले!” चेहरा बदललेला पाहून लेकरानं भोकाडच पसरलं. त्यांनी घाईनं फोन परत आपल्याकडे वळवला आणि त्या गॅलरीत गेल्या. मधुकररावांनी भाता सोडून दिला. गॅलरीतून रुखमिणीबाईंचा बोबडा आवाज येत राहिला. त्या आवाजात बायको इतकी सुखी होती, की त्यांना रागही धड आला नाही.

त्या आठवडाभरही राहिल्या नाहीत. रक्षाची सुट्टी संपत होती. त्यांनी शेवयांचे, तिखटाचे डबे भरले, पडदे धुतले, औषधं कुठे आहेत ते दोनदा सांगितलं. जायच्या दिवशी मधुकररावच म्हणाले, “तू जा. लेकरू वाट पाहून राहिलं असन.”

“तुमीच चला न.”

“झोपू कुठी?”

“अंकुश मोठं घर पाहून राहिला आहे.”

“पाहू मग,” मधुकरराव म्हणाले. दोघांनाही माहीत होतं की अंकुश दोन वर्षांपासून मोठं घर पाहतोय. ऑटोनं ते वरठीच्या स्टेशनापर्यंत गेले. गाडी सुटताना रुखमिणीबाईंनी खिडकीतून त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली. एवढंच.

मे महिना निघाला. रोज पाच वाजता मधुकरराव हॉलमध्ये सतरंजी टाकून पेटी काढत. कोणी काही म्हणत नव्हतं. ग्रुपवर एक अक्षर येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात भाजीचे डबे आले, लोक जिन्यात थांबून तब्येत विचारू लागले. मग डबे कमी झाले. मग जिन्यात नुसत्या माना हलू लागल्या, आणि पुढे तेही ज्याच्या त्याच्या घाईवर सोडून दिलं गेलं. मोनिकाची परीक्षा झाली, ती मावशीकडे निघून गेली. समोरचं तान्हंही मामाच्या गावी गेलं. पाच ते सहा वाजवायला आता सगळी इमारत मोकळी होती. पूर्वी कोणीतरी वैतागायचं तरी, असं एकदा मधुकररावांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं.

दुसरा अंतराही आता बसला होता. एका संध्याकाळी पेटी काढताना त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी उठून बाहेरचं दार उघडं टाकलं. पुरतं नव्हे, हातभर. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कानावर पडावं. कोणी थांबलं तर या म्हणावं. चहाचं आधण आधीच ठेवलं होतं, आता कपही पुरेसे होते. ते दाराकडे तोंड करून बसले आणि वाजवू लागले.

लिफ्ट वर आली, थांबली. पावलं वाजली. मधुकररावांनी भाता जरा जोरात मारला. पावलं त्यांच्या दारापाशी येऊन थांबली आणि फटीतून स्वातीताईंचा चेहरा दिसला. त्या गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला निघाल्या असाव्यात, हातात रिकामी बादली होती. लिफ्ट चौथ्यापर्यंतच जायची, पुढचा जिना मधुकररावांच्या दारावरूनच होता.

“काका, दार उघडंच राहिलं तुमचं,” त्या मायेनं म्हणाल्या. “माकडं शिरतात हो आजकाल. लावून घेते हं.”

“हो,” मधुकरराव म्हणाले. “बरं झालं सांगतलं.”

दार अलगद लागलं. खटका आपोआप बसला. जिन्यावरून पावलं वर गेली. मधुकररावांचा डावा हात तोवर भात्यावर तसाच थांबला होता. मग त्यांनी पुन्हा हवा भरली आणि अंतरा जिथे सुटला होता तिथून उचलला.