पिनला जुळणारे तीन शब्द

आमच्या गावात नव्या नवरीवर नाव घ्यायची पाळी आली की ती आधी माझ्याकडे बघते. नवऱ्याचं नाव सांगायचा अवकाश, मी उखाणा करून देते. मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवात एकीच्या नवऱ्याचं नाव निघालं रविराज. ती बिचारी घामाघूम झाली. मी तिच्या कानात सांगितलं, "चहात घातलं आलं, साखर पडली कमी आज, गोड मानून प्याले बिचारे रविराज." बाया हसून लोळल्या. माझ्या मालकांचं नाव बजरंग. त्यांच्यावर तर माझे पंधराएक उखाणे आहेत, आणि निम्म्यांत ते दूध घेऊन डेअरीवर गेलेले असतात.

ही फुशारकी आधीच सांगून टाकते, कारण सृष्टीच्या मिस मला 'रायमिंग वर्ड्स' म्हणजे काय ते समजावून सांगायला लागल्या तेव्हा मला हसू आलं होतं. यमक! एवढंच ना? ते तर माझं अंगण. माझ्यासारखी मूर्ख बाई साऱ्या संगमनेर तालुक्यात दुसरी नसेल.

सृष्टी माझी एकुलती एक. पाच सरून सहावं लागलेलं. हायवेलगतच्या इंग्लिश शाळेत सिनियर केजीला होती. घरी तिचं तोंड दिवसभर बंद नसायचं. म्हशीशी बोलायची, पाण्याच्या मोटारीशी बोलायची, आणि जिचं नाव माहीत नाही अशा प्रत्येक वस्तूला स्वतःच नाव ठेवायची. गव्हाणीखालच्या ओल्या मातीला ती 'पिचपिची' म्हणायची, आणि हळूहळू आम्ही सगळेच म्हणायला लागलो होतो. पण शाळेच्या फाटकातून आत गेली की गप्प. दोन वर्षांत तिचा आवाज वर्गात कुणी ऐकला नव्हता.

फेब्रुवारीत मिसनी मला बोलावून घेतलं. बाई वयानं लहान, बोलायला गोड. त्या म्हणाल्या, "ताई, सृष्टी लिहिते छान, पण बोलत नाही. मार्चमध्ये ओरल आहे. मी एक शब्द देणार, तिने त्याला जुळणारे तीन शब्द बोलायचे. बोललीच नाही, तर मला तिला पहिलीत पाठवता येणार नाही. परत एक वर्ष सिनियर केजी."

"तीनच ना?" मी म्हणाले. "तीस बोलंल ती."

त्याच संध्याकाळी धारा झाल्यावर तिला ओट्यावर घेऊन बसले. मी भाकरी थापत होते, ती समोर पाय हलवत बसलेली. म्हटलं, "कॅट. आता ह्याला जुळवायचं. बॅट, मॅट, रॅट..."

तिला खेळ कळायला तेवढंच पुरलं. "हॅट! पॅट! लॅट! ढॅट!"

"ढॅट म्हंजी गं काय?" माझ्या सासूबाईंनी, रतनबाईंनी, आतून विचारलं.

"म्हस खाली बसती ना आजी, तवा येतो तो आवाज."

सासूबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही हसले. पोरगी माझ्यावर गेली म्हणून मनातून फुगले सुद्धा. आपल्या उखाण्यात तरी काय असतं? पहिल्या ओळीला कुणी अर्थ विचारत नाही. ती फक्त शेवटच्या नावापर्यंत नेऊन सोडते. कानाला बरोबर लागलं की झालं. मला वाटलं इंग्रजीतही असंच असणार.

दोन दिवस आमचा हा खेळ चालला. तिसऱ्या दिवशी मी तिच्या शब्दांच्या चार ओळी लिहून मिसना व्हॉट्सॲपवर पाठवल्या. शाबासकी मिळेल अशी अपेक्षा होती. मिसनी उत्तर दिलं की यमक छान जुळलंय, पण ताई, शब्द खरे हवेत. बनवलेले शब्द ओरलमध्ये धरत नाहीत.

आता खरे कोणते आणि बनवलेले कोणते, हे मला कसं कळणार? मी बारावी झालेय, मराठी माध्यमातून. यमक मला शंभर जुळवता येतात. कॅटच्या पुढं बाराखडी लावत गेलं की बदाबदा पडतात. पण त्यातलं कुठलं पाखरू जिवंत आणि कुठलं मातीचं, ते ओळखायची मला विद्याच नाही. एक वही केली. एका पानावर खरे, एका पानावर खोटे, आणि तिसऱ्यावर 'माहीत नाही'. आठ दिवसांत 'माहीत नाही'ची सहा पानं भरली.

मालकांना विचारलं. ते म्हणाले, "व्हॅट हाय बघ. डिझेलला लागतो त्यो." मोबाईलला विचारलं, तर तो कशालाच नाही म्हणत नाही. 'डॅट' लिहिलं तरी कुठल्यातरी कंपनीचं नाव दाखवतो. जुळणाऱ्या शब्दांची आयती यादी मागितली, तर दीडशे शब्द आले, त्यातले शंभर मला उच्चारता येईनात. मग मी माझ्यापुरता नियम केला. ज्याचा अर्थ मला माहीत आहे तो खरा, बाकीचे खोटे. दुसरं काय करणार होते?

"असा शब्द न्हाई," मी सृष्टीला पहिल्यांदा म्हणाले ते 'भॅट'ला.

"हाय की. मी आत्ताच केला."

"तू केलेला चालत न्हाई. इंग्रजांनी केलेला पायजे."

"मग त्यांनी कसा केला?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. ती पुढं सरकली. "नॅट."

"असा शब्द न्हाई."

"चॅट."

"हाय."

"गॅट."

"न्हाई म्हणलं ना! डोकं लावून बोल जरा."

आत्याबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "माले, पोरीला बोलू दे की. बोलत न्हाई म्हून तर मास्तरीण वरडतीय, आन् बोलाया लागली की तू वरडती."

मी त्यांच्यावरही खेकसले. म्हटलं, तुमाला ह्यातलं कळत न्हाई. मला तरी कुठं कळत होतं! पण भीती फार वाईट. वर्गातली सगळी पोरं पहिलीत जातील आणि माझी पोरगी पुन्हा बारक्या बाकावर बसेल, हे चित्र सारखं डोळ्यांपुढं यायचं, आणि माझा हात पिठातून निघून तिच्या मांडीवर चापट मारायचा. मी रोज मारत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण मारत होते.

ओरलच्या आधीच्या आठवड्यात वही घेऊन शाळेत गेले. सृष्टी माझं बोट धरून उभी. मिसनी पानं चाळली, आणि खोट्यांच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "ताई, नॅट खरा आहे. नॅट म्हणजे चिलट."

सृष्टीनं माझ्याकडे मान वर करून बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिला नुसतं कळेनासं झालं होतं. आईनं ज्याला नाही म्हटलं ते होतं, मग आई ज्याला आहे म्हणते ते असेल की नाही? मिसनी त्या पानावरचे आणखी सात शब्द खरे करून दिले. सातही तिचे होते.

घरी येऊन मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "चुकलं माझं. आता म्हण तुला काय म्हणायचं ते."

ती म्हणाली, "तू आधी सांग."

त्या दिवसापासून तिला ही सवय लागली. 'हेन' म्हटलं की ओठ मिटायचे, डोळे माझ्या तोंडावर. "मेन म्हणू?" म्हण. "टेन म्हणू?" म्हण. "व्हेन म्हणू?" आता ते मला पक्कं ठाऊक नव्हतं. मी अडखळले, की ती लगेच मागं सरायची. "ऱ्हाऊ दे मग." दोन दिवसांनी 'म्हणू का' सुद्धा मोठ्यानं येईनासं झालं. नुसती माझ्याकडे बघायची. तोंडात शब्द आहे हे मला दिसायचं, गालाला फुगवटा यायचा. पण कोणता आहे ते कसं दिसणार? मी म्हणायचे, बोल बाई, हाय तो शब्द. तर ती मान हलवायची. न बघताच कसं सांगतेस, असं तिचं म्हणणं असावं. आणि तिचं बरोबरच होतं.

मिसना फोन केला. त्या म्हणाल्या, काळजी करू नका, मुलं आयत्या वेळी बोलतात. मालक म्हणाले, एक वरीस गेलं तर काय आभाळ कोसळतंय का. आत्याबाईंनी माझ्या हातातून वही काढून घेतली आणि फडताळात वर ठेवून दिली. पण आता वही कुठं ठेवली ह्यानं काय फरक पडणार होता?

ओरल शनिवारी सकाळी होती. आम्हा आयांना व्हरांड्यात खुर्च्या दिल्या होत्या. दार उघडं होतं, मला सृष्टी सरळ दिसत होती. दोन वेण्या, रिबिनी, आणि टेबलावर ठेवलेले इवलेसे हात.

मिस हसून म्हणाल्या, "सृष्टी, पिन. पिनला जुळणारे सांग. कितीही वेळ घे."

पिन! माझा जीव भांड्यात पडला. टिन, बिन, विन, चिन. हे तर आमच्या पहिल्या आठवड्यातले, तिचे तिनं जुळवलेले. ह्यातले चारही खरे होते.

सृष्टीचा गाल फुगला. शब्द आला होता. देवाशपथ आला होता. आणि मग तिनं मान वळवून दारातून माझ्याकडे बघितलं.

मी जोरजोरात मान हलवली. हो, हो. पण ती बघतच राहिली. मला विचारायचं तर शब्द तोंडातून बाहेर काढावा लागणार होता, आणि बाहेर काढायच्या आधी तिला मला विचारायचं होतं. ह्या गाठीला टोकच नव्हतं. ही गाठ मीच मारलेली, रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता, आणि आता सोडवायला माझ्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. मी खुर्चीवरून उठले आणि दारातून ओरडले, "म्हण गं! सगळे शब्द हायेत! तू म्हणशील तो हाय!"

व्हरांड्यातल्या आया माझ्याकडे बघायला लागल्या. मिस उठून आल्या. "ताई, प्लीज, असं प्रॉम्प्ट करता येत नाही," म्हणाल्या आणि त्यांनी हळूच दार लोटून घेतलं.

दार उघडायला दहा मिनिटं लागली. मिसच्या चेहऱ्यावरच सगळं लिहिलेलं होतं. त्या म्हणाल्या, "तिला येतं ताई. मला दिसत होतं की येतं. पण मी दिसण्याला मार्क कसे देऊ?" त्यांचाही काही इलाज नव्हता. मी कागदावर सही केली. परत सिनियर केजी.

शाळेबाहेर येऊन आम्ही हायवेच्या कडेला रिक्षाची वाट बघत उभ्या राहिलो. मला खरं तर रडायचं होतं, पण पोरीसमोर रडणार कशी? नाशिककडून लांबच लांब ट्रेलर हळूहळू येत होता. त्याच्यावर पवनचक्कीचं एक पातं आडवं बांधलेलं. पांढरंशुभ्र, आमच्या अख्ख्या आळीएवढं लांब, एका टोकाला निमुळतं. पुढं दोन माणसं लाल फडकी हलवत चालली होती. सृष्टीनं असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. तिचं तोंड उघडंच राहिलं.

मला वाटलं, आता ठेवील ती ह्याला नाव. इतकं मोठं, इतकं पांढरं, आणि तिला त्याचं नाव माहीत नाही. मी श्वास रोखून थांबले. ट्रेलर आमच्या पुढून जात होता, जात होता, संपतच नव्हता.

"आई, ह्याला काय म्हणत्यात?"

"तू सांग. तू काय म्हणशील?"

तिनं मान हलवली. "मला न्हाई म्हायती."

"नसू दे म्हायती. तूच ठेव काहीतरी."

ती ट्रेलरकडेच बघत राहिली. मग मीच म्हणाले. दुसरं काही सुचेना. "ह्याला म्हणायचं लांबलफ्फा. कसंय? लांबलफ्फा चालला पुण्याला!" मी हसूनही दाखवलं.

सृष्टीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर आठी होती, तशीच, जशी माझ्या कपाळावर असते.

"असा शब्द न्हाई, आई," ती म्हणाली.

ट्रेलर वळणाच्या पलीकडं गेला. रिक्षा यायला अजून अर्धा तास लागला, आणि तेवढ्या वेळात ती काहीच बोलली नाही.