जरा घुमतंय

दातांच्या डॉक्टरांनी गाणं ऐकायची खोली स्वतःसाठी केली, असं ते सगळ्यांना सांगत. हे साफ खोटं होतं. खोली तयार झाल्या झाल्या पहिला फोन त्यांनी साडूंना केला. "रविवारी या, काहीतरी ऐकवतो," एवढंच म्हणाले, पण असं म्हणाले की बायकोने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून बघितलं.

रविवारी साडू आले. डॉक्टरांनी त्यांना खोलीतल्या एकुलत्या एक आरामखुर्चीत बसवलं, समोरच्या दोन उंच स्पीकरांवरून फडकं फिरवलं आणि तबकडी लावली. एक बाई गात होती, साथीला फक्त पियानो. साडूंनी थोडा वेळ ऐकलं, छताकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं.

"छान आहे," ते म्हणाले. डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात साडूंनी वाक्य पुरं केलं. "जरा घुमतंय."

झालं! सगळ्यावर विरजण.

हे साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाडी शिकवायची शाळा चालवत. सगळा जन्म शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून 'जरा डावीकडे, जरा हळू, जरा क्लच सोडा' करण्यात गेलेला. तो 'जरा' जिभेला असा चिकटला की गाडीतून उतरल्यावरही सुटेना. डॉक्टरांनी दवाखाना थाटला तेव्हा 'छान आहे, पायऱ्या जरा उंच आहेत.' मुलगी झाली तेव्हा पाळण्यात डोकावून 'गोड आहे, कान जरा तुमच्यावर गेलेत.' घरात त्यांच्या पाठीमागे त्यांना सगळे जराराव म्हणत. डॉक्टरांची जन्माची एकच हौस राहिली होती. जरारावांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, नुसतं 'छान' ऐकायचं. पुढे काही नको. माणूस पन्नाशी उलटून गेला तरी असली हौस जात नाही, आणि कुणाला सांगताही येत नाही.

वाईट हे, की जरारावांचं खरं होतं. खोली घुमत होती. डॉक्टरांनी मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर ती एकटी परतेना, चार-सहा पोरं बरोबर घेऊनच आली. पियानोचे खालचे सूर तर कोपऱ्यांत केरासारखे साचून राहत.

"हाक मारलीत?" बायको दारात.

"नाही, टाळी वाजवली."

"मी काय आता टाळीवर यायचं का?"

"तुझ्यासाठी नाही गं. भिंतीसाठी."

बायको भिंतीकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीने बघून निघून गेली.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून डॉक्टरांनी अंड्यांचे रिकामे ट्रे गोळा केले. दवाखान्यात येणाऱ्या पेशंटांनीही आणून दिले. दोन्ही भिंती ट्रेंनी भरल्या. बायकोने विचारलं, "कोंबड्या कधी येणारेत?" डॉक्टरांनी टाळी वाजवली. टाळी थोडी बसक्या आवाजाची झाली, एवढाच काय तो फरक. पियानो होता तसाच घुमत राहिला. ट्रे मुकाट्याने उतरले. त्यांच्या खुणा मात्र देवीच्या व्रणांसारख्या भिंतीवर राहिल्या.

आता डॉक्टर हट्टाला पेटले. त्यांनी शास्त्र वाचलं. सुताराकडून लाकडी चौकटी करून घेतल्या, त्यांत दगड वितळवून करतात ती लोकर ठासून भरली आणि वरून विरळ विणीचं कापड ताणून बसवलं. कापड निवडताना दुकानात प्रत्येक ठाणाला तोंड लावून फुंकून पाहिलं, कारण फुंकर पलीकडे गेली तरच आवाज आत शिरणार. दुकानदाराने ओळखीचे डॉक्टर म्हणून सहन केलं. ती लोकर हाताला भयंकर खाजते, पण हातमोजे आणि मास्क यांचा दातांच्या डॉक्टरकडे काय तोटा!

चौकटी तयार झाल्या. पण कुठे टांगायच्या? शास्त्र सांगत होतं, एकाने ऐकायच्या खुर्चीत बसावं आणि दुसऱ्याने आरसा भिंतीला टेकवून सरकवत न्यावा. खुर्चीतल्याला आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथेच आदळून आवाज उलटा येतो. चौकट तिथे. म्हणजे दुसरा माणूस हवा.

"मला कामं आहेत," बायको म्हणाली. "भावजींना बोलवा. आरशात बघायचं शिकवण्यात त्यांचा हात कोण धरणार?"

"मुळीच नाही! पुरतं झाल्याशिवाय त्यांना या खोलीत पाऊल टाकू देणार नाही मी."

पण तोवर तिने बहिणीला फोन लावलासुद्धा. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला.

जराराव आले ते बाह्या सरसावूनच. त्यांनी आरसा काखेत घेतला, डॉक्टरांना खुर्चीत बसवलं आणि धडा सुरू केला.

"मान हलवायची नाही. फक्त डोळे. काय दिसतंय?"

"तुमचा अंगठा."

"अंगठा काढला. आता?"

"खिडकी... पडदा... हां, स्पीकरची कड! जरा पुढे घ्या. जरा. नाही, फार झालं. जरा मागे. जरा वर..."

जराराव एकदम थांबले आणि आरशावरून मान वळवून बघू लागले. डॉक्टरांना आपण काय बोलतोय ते तेव्हा कळलं. पण करणार काय? काम बोटभर अंतराचं होतं आणि दुसरा शब्दच नव्हता.

नेमकी त्याच वेळी बायको चहा घेऊन आली. "अगं बाई!" ती म्हणाली. "घरात दोन-दोन जराराव!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. खोलीत अशी शांतता पसरली की कुठल्याही चौकटीची गरज नव्हती.

"जराराव," साडूंनी शब्द चघळून पाहिला. "म्हणजे तुमच्याकडेही तेच नाव आहे होय? मला वाटलं फक्त आमच्याच घरात चालतं. तुझ्या ताईने ठेवलंय ते, लग्नानंतर महिन्याभरात."

तिघंही हसायला लागले. जराराव तर इतके हसले की आरसा खाली ठेवावा लागला. चहा घेताना ते म्हणाले, "काय सांगू साडूबुवा, धंद्याची खोड. शिकणाऱ्याला एकदा 'छान' म्हणालो. तो खूश होऊन माझ्याकडे बघायला लागला आणि गाडी गेली कुंपणात. तेव्हापासून मी तो शब्द एकटा सोडतच नाही."

डॉक्टरांना हसू आलं, पण आतून ते जरा खट्टूही झाले. म्हणजे आशा सोडायचीच. समोरचा माणूस दुष्ट नाही, शिष्ट नाही, फक्त कुंपणाला घाबरलेला आहे, हे कळल्यावर त्याच्यावर रागावायचीही सोय राहिली नाही.

चहानंतर दोघांनी हातमोजे चढवले. एकजण चौकट धरी, दुसरा खिळा ठोकी. दोन्ही भिंती झाल्या. कोपऱ्यांत लोकरीचे जाडजूड खांब उभे केले. साडू कधी 'अहो'वरून 'अरे'वर आले आणि डॉक्टरांनीही त्यांना कधी 'धर रे नीट' म्हटलं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. शेवटची चौकट टांगून झाल्यावर डॉक्टरांनी मधोमध उभं राहून टाळी वाजवली.

टप्. एकच. गेली ती परत आली नाही.

"बस खुर्चीत," डॉक्टर म्हणाले.

"खोली तुझी. तू बस."

"बस म्हणतो ना!"

जराराव बसले. तबकडी फिरू लागली. बाई गायला लागली, आणि या वेळी ती भिंतीतून नाही, दोन स्पीकरांच्या बरोबर मधून, हाताच्या अंतरावरून गायली. शब्द उच्चारण्याआधी ती श्वास घेत होती, तोही ऐकू आला. पियानोचे खालचे सूर यायचे, आपलं काम करायचे आणि निघून जायचे.

डॉक्टर दारापाशी उभे राहून साडूंचं तोंड बघत होते. जरारावांनी आधी भुवया वर केल्या. मग हात खुर्चीवर सैल सोडले. मग डोळे मिटले. गाणं संपलं तरी डोळे उघडले नाहीत. दुसरं लागलं. तेही संपलं. तबकडीची बाजू संपली तेव्हा ते न बघताच म्हणाले, "उलटव."

डॉक्टरांनी तबकडी उलटवली. बसायला दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून भिंतीला टेकून जमिनीवरच बसले. तिथून गाणं धड ऐकू येत नव्हतं. बाई एका बाजूला, पियानो भलतीकडेच. पण डॉक्टरांना इतका आनंद झाला होता की कुठून काय येतंय याचं त्यांना भान नव्हतं.

"ऊठ आता, मला बसू दे," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"तुझं रोजचंच आहे," जराराव डोळे न उघडता म्हणाले आणि खुर्चीत आणखी खाली सरकले.

जेवायला बसायला दोन हाका झाल्या. तिसऱ्या हाकेला बायको स्वतः आली आणि दारातच थबकली. मग डॉक्टरांच्या शेजारी जमिनीवर बसली. जेवण गार झालं. निघताना जरारावांनी चपला घातल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि डॉक्टरांचा दंड घट्ट दाबून ते गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका बाईंच्या दाढेत डॉक्टरांचे हात गुंतले असताना फोन आला. मदतनीस बाईने तो त्यांच्या कानाशी धरला. पलीकडे थोरली मेहुणी तणतणत होती.

"अहो, काय करून ठेवलंत यांना? सकाळपासून माझ्या कपाटाचा आरसा उतरवून बसलेत. शाळा बंद! म्हणतात, आपला दिवाणखाना ऐकण्यासारखा नाही. साडूबुवांना बोलाव, खुर्चीत बसायला माणूस हवाय."

डॉक्टर इतके हसले की त्यांना हत्यार ट्रेमध्ये ठेवावं लागलं. खुर्चीतल्या बाई उघड्या तोंडाने बघतच राहिल्या.

"येतो म्हणावं, संध्याकाळीच येतो," ते म्हणाले. "पण आत्ताच सांगून ठेवा, मी एकदा बसलो की उठणार नाही."