पिनेवरची हळद

एकशे सदतिसाव्या गोळीला नवं पिस्तूल अडकलं.

“थांब. बोट बाहेर. नळी समोरच राहू दे,” याकोब भांबळ म्हणाले.

सविताने पिस्तुलाचं तोंड सराव मैदानाच्या मातीच्या बांधाकडेच धरून ठेवलं. रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता दारातच अडकून उभी राहिली होती. याकोबनी ती चिमटीत धरून काढली, वहीत फुली मारली आणि जाहीर केलं, “झालं. परत एकपासून.”

“काका, एकशे छत्तीस गेल्या की सुरळीत! उद्या डुटी हाय माजी.”

“दोनशे सलग गेल्याबिगर न्हाई. नवं हाय ते. अंगात कंपनीचं ग्रीस हाय आन् स्प्रिंगात माज.”

याकोब पोलीस मुख्यालयातले आर्मोरर, म्हणजे हत्यारं सांभाळणारे हवालदार. नवं हत्यार आलं की ते सगळं खोलायचं, ग्रीस पुसायचं, घासणाऱ्या जागी मोजून तेलाचे थेंब सोडायचे, पन्नास गोळ्या झाडून पुन्हा खोलायचं. आणि झाडायच्या त्या ज्याने ते कमरेला लावायचं त्यानेच, असा त्यांचा नेम. सरकारी मंजुरी पिस्तुलामागे पन्नास गोळ्यांची. बाकीच्या कुठून येत, हे कोणी विचारत नसे. वार्षिक सरावाला फक्त सहीपुरते येणारे अधिकारी पुष्कळ होते.

चौतीस वर्षं नोकरी, एकही शेरा नाही. निवृत्तीला नऊ दिवस राहिले होते. सत्काराची शाल आणून झाली होती. साहेबांनी रंग स्वतः निवडला होता, म्हणजे बदलता येणार नव्हता.

सविता पोलिसात अनुकंपावर लागलेली. तिचा नवरा आदिनाथ अकरा वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, श्रीगोंद्याच्या रस्त्यावर गेला. लुटारूंची गाडी अडवली, पिस्तूल रोखलं आणि तसाच उभा राहिला. समोरच्याने कोयता चालवला. चौकशीत निघालं : शस्त्र सुस्थितीत होतं, कर्मचाऱ्याने कच खाल्ली. मेलेला माणूस अपिलात जात नाही, त्यामुळे चौकशी वेळेत आटोपली.

सविता मॅगझिनमध्ये गोळ्या भरत बसली. वर न बघता म्हणाली, “काका, एवढं नका बघत बसू. यांचं पिस्तूल चांगलंच हुतं की. तुमीच तपासलेलं. मानूस कच्चा निघाला. मला कसलं बी द्या, हात चालला म्हंजे झालं.”

ती हे चिडून म्हणाली असती तर याकोबना सोसलं असतं. पण ती दाखल्यावरची जन्मतारीख सांगावी तशी म्हणाली. अकरा वर्षांत तिलाही ते पटलं होतं.

याकोबनी तेलाची बाटली खाली ठेवली.

“सविता, पिस्तूल चांगलं नव्हतं.”

“काय?”

दसऱ्याला शस्त्रांची पूजा होते. सतरंजीवर हत्यारं मांडतात, झेंडू वाहतात, कालवलेल्या हळदीचे टिळे लावतात. पूजा उरकली की त्याच संध्याकाळी याकोब एकेक हत्यार खोलून धूत. त्या वर्षी ते फडकं घेऊन बसले, तेव्हा सोबतीचा बन्सी म्हणाला होता, “याकोबमामा, दसरा मावळला न्हाई तवर हळद पुसताय व्हय? ऱ्हाऊ द्या की सकाळपत्तूर.” बन्सी वाईट बोलला नव्हता, हसत बोलला होता. पण चाळीस माणसांत याकोब एकटेच चर्चला जाणारे. सणाच्या दिवशी देवाची हळद आपल्या हातानं पुसायची, त्यांना कसंसंच झालं. फडकं घडी करून ते घरी गेले. सकाळी दहाला येऊन पुसू म्हणाले. आदिनाथला पिस्तूल सहालाच दिलं गेलं.

“हळद मागनं आत उतरली. तेलात कालवून घट्ट झाली. गोळीवर ठोका मारनारी पिनच जाम. ठोका बसला, पर हलका.” याकोबचा आवाज खाली खाली जात होता. “त्या गोळीच्या बुडाला दोन फिकट खुना हुत्या. त्यानं चाप वढला, गोळी सुटली न्हाई. घोडा ताणून परत वढला. भ्याला न्हाई तो. पिस्तूल तपासाया माज्याकडं आलं, तवा आदी मी पिन धुतली. मंग ‘सुस्थितीत’ म्हनून सही केली.”

सविताने हातातली गोळी खाली ठेवली.

“साहेबांना लिवून देतो मी,” याकोब म्हणाले.

“द्या. पर कागदाचं मी काय करू? सासूला वाचता येत न्हाई.” ती उठली. “काष्टीला चला, त्यांच्या म्होरं सांगा.”

त्यांनी लिहून दिलं. साहेबांनी अर्ज वाचला, दार लावलं आणि मायेनं म्हणाले, “भांबळ, नऊ दिवस राहिले. पेन्शन अडकंल. शालीचं काय करायचं मग?” याकोबनी अर्जावर बारनिशीत आवक नंबर पाडून घेतला आणि सवितासोबत काष्टीची एसटी धरली.

सविताची सासू साळूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. याकोब पायरीवर उकिडवे बसले आणि वाटभर जुळवलेलं बोलले, हळू, खाली मान घालून.

“काय म्हन्तोय ह्यो?” म्हातारीनं सुनेला विचारलं.

“मोठ्यानं बोला, काका. त्यांना ऐकू येत न्हाई.”

याकोब थोडे मोठ्याने बोलले. म्हातारीने कानामागे हात धरला. शेवटी अकरा वर्षं ज्याचा उच्चार स्वतःशीही केला नव्हता, ते याकोब भांबळांनी काष्टीच्या भर गल्लीत ओरडून सांगितलं.

“पिस्तूल खराब हुतं! चूक माजी हुती! आदिनाथ भ्याला नव्हता!”

साळूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“मंग त्यानं चाप वढला हुता?”

“दोनदा!”

“दोनदा,” म्हातारी म्हणाली. सविताने तोंड भिंतीकडे वळवलं.

“आन् तू अकरा वर्सं कुटं हुतास?”

म्हातारीने उत्तराची वाट पाहिली नाही. सुपातल्या शेंगा बाजूला सारून तिनं बोट दाखवलं.

“त्यो पल्याड गोरक्षनाथ ऱ्हातो. माजं पोरगं भितरं हुतं म्हनून त्योच सांगत फिरतोय साऱ्या बाजारात. तुजं वरडनं तितवर गेलं नसंल. उट. रस्त्यात हुबा राहून सांग.”

याकोब उठले. ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, तेव्हा समोरच्या घरातल्या बाईने, नीट ऐकू यावं म्हणून, भरत आलेल्या हंड्यावरचा नळ बंद केला.